१२ए टोनरचं रिफिल: पावडर स्वस्तच असते, पैसे कामाचे द्या

एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे प्रिंटर जुने झाले, पण महाराष्ट्रातल्या टेबलांवरून अजून हललेले नाहीत. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट, तहसील कचेरीच्या आसपासची सेतू केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, वकिलांची ऑफिसं, शाळांचे कारकून, सगळीकडे हेच दोन दिसतात. दोघांचं कार्ट्रिज, म्हणजे छपाईच्या पावडरीचा (टोनरचा) डबा, एकाच साच्यातलं. एचपी त्याला १२ए म्हणते, कॅनन ३०३. त्यात पानं मोजणारी चिप नाही, पिना आणि स्क्रू काढले की ते उघडतं आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. रिफिल करून पैसे वाचवायचे असतील तर याच्याइतकं सोयीचं कार्ट्रिज दुसरं नाही. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्याचंच आहे. मार्ग तीन: रिफिलवाल्याकडून भरून घेणं, बाटली आणून स्वतः भरणं आणि दुसऱ्या कंपनीने बनवलेलं नवं, म्हणजे कंपॅटिबल, कार्ट्रिज घेणं.

मत आधीच सांगतो. चांगल्या रिफिलवाल्याकडून नीट भरून घेतलेलं मूळ कंपनीचं कार्ट्रिज हा तिन्हींत सर्वांत फायद्याचा मार्ग आहे. मात्र फोनवर आपण पहिला प्रश्न विचारतो तो "भरायचे किती घेता?" हा. त्याऐवजी विचारायला हवं ते हे: वेस्ट, म्हणजे छापताना उरलेली पावडर, काढता का, पावडर कोणती घालता, ड्रम (ज्यावर आधी अक्षरं उमटतात तो नळा) आणि तो पुसणारी ब्लेड कधी बदलता. या तीन उत्तरांवर पुढची दोन हजार पानं कशी निघतील ते ठरतं.

पानामागे किती पडतं

१२एची घोषित क्षमता २००० पानं आहे. हा आकडा आयएसओ १९७५२ या प्रमाणानुसार मोजलेला असतो, म्हणजे पानाचा सुमारे ५ टक्के भाग काळा होईल असा मजकूर धरून. साधं पत्र त्यात बसतं. आधार कार्डाची फोटोसकट प्रत, काळ्या पट्ट्यांचे फॉर्म किंवा गच्च भरलेला तक्ता बसत नाही. अशी पानं जास्त असतील तर बाराशे-पंधराशेवर पावडर संपली म्हणून रिफिलवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

कंपनीचं नवं १२ए साधारण पाच हजारांच्या घरात जातं, म्हणजे पानाला अडीच रुपये. रिफिलचा दर गावागावाप्रमाणे दीडशे ते चारशे. ३०० रुपये धरू आणि पानं १८००. पानाला १७ पैसे पडले. दर तिसऱ्या भरणीला ड्रम आणि वायपर ब्लेड बदलायचे ३०० रुपये वेगळे धरले, तर तीन भरण्यांचे मिळून १२०० रुपये आणि ५४०० पानं, म्हणजे पानाला २२ पैसे. कंपॅटिबल कार्ट्रिज सहाशेला मिळालं तर पानाला ३३ पैसे.

आता कागद बघा. ५०० कागदांचं ७५ जीएसएमचं रीम अडीचशेला धरलं तरी एक कागद ५० पैशांचा. नीट केलेल्या रिफिलमध्ये छपाईपेक्षा कागद महाग पडतो! दीडशेवाला आणि तीनशेवाला रिफिल यांतला फरक पानाला जेमतेम ८ पैसे आहे, आणि काळी रेघ आली म्हणून फेकलेलं एकच पान त्याच्या सहापट नुकसान करतं. म्हणून रिफिलमध्ये आणखी घासाघीस करून काहीच हाती लागत नाही. पाच हजारांवरून तीनशेवर आल्यावर पुढचे शंभर-दीडशे कामाच्या दर्जासाठी सोडून द्यावेत.

आत काय असतं

कार्ट्रिजचे दोन अर्धे भाग असतात. एका भागात हॉपर, म्हणजे पावडरीची टाकी, तिच्या तोंडाशी मॅग्नेटिक रोलर आणि त्यावर पावडरीचा थर सारखा ठेवणारी डॉक्टर ब्लेड. दुसऱ्या भागात हिरवट-निळा ड्रम, त्याला विद्युतभार देणारा काळा रबरी रोलर, ज्याला दुकानात पीसीआर म्हणतात, ड्रम पुसणारी वायपर ब्लेड आणि तिच्यामागे वेस्टची टाकी. ड्रमवर आलेली सगळी पावडर कागदावर उतरत नाही. जी उरते ती वायपर ब्लेड खरवडून वेस्टमध्ये टाकते. भरलेल्या पावडरीचा साधारण दहावा भाग असा वेस्टमध्ये जमतो, कधी त्याहून जास्त.

स्वस्त रिफिलचं दुखणं नेमकं इथे आहे. पाच मिनिटांत भरून देणारा माणूस फक्त हॉपरमध्ये पावडर ओततो, वेस्टला हात लावत नाही. काही जण तर सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने हॉपरला भोक पाडतात, पावडर ओततात आणि वर चिकटपट्टी मारतात. पहिली भरणी सुखरूप जाते. दुसऱ्या-तिसऱ्या भरणीला वेस्ट तुडुंब होतं, ब्लेडच्या कडेने पावडर परत ड्रमवर येते आणि पानावर रुंद, धूसर, उभे पट्टे दिसायला लागतात. प्रिंटरचं झाकण उघडलं की आत काळी धूळ बसलेली. भोक पाडताना वितळलेल्या प्लॅस्टिकचे कण आत पडले असतील तर ते डॉक्टर ब्लेडखाली अडकतात आणि त्या जागी पावडर येत नाही. पानावर वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ येते, आणि सातबाऱ्याच्या तक्त्यात ती रेघ नेमकी क्षेत्राच्या आकड्यावरून गेली तर ते पान बादच.

वेस्ट काढलं की नाही हे ताडायला किराणा दुकानाचा वजनकाटा पुरेसा आहे. देताना कार्ट्रिजचं वजन करा, घेताना परत करा. १०० ग्रॅम पावडर भरली आणि वेस्ट रिकामं केलं, तर वजन ८५-९० ग्रॅमच्या आसपास वाढलेलं दिसेल. बरोबर १०० ग्रॅम वाढलं तर वेस्ट आतच आहे. पन्नासच ग्रॅम वाढलं तर पावडर कमी भरली आहे. हे सांगून केलं तरी चालतं. चांगला कारागीर रागावत नाही, उलट वेस्ट कागदावर ओतून दाखवतो.

दुसरी खबरदारी अदलाबदलीची. तुमचं मूळ एचपी किंवा कॅननचं कार्ट्रिज घेऊन जायचं आणि परत येताना तसंच दिसणारं, आधीच भरून ठेवलेलं कंपॅटिबल द्यायचं, असं होतं. काही वेळा ग्राहकाची घाई म्हणून सरळ मनाने होतं, पण तोटा तुमचाच. मूळ कार्ट्रिजचा सांगाडा, मॅग रोलर आणि डॉक्टर ब्लेड जास्त टिकाऊ असतात, त्यावर पाच-सहा भरण्या सहज होतात. देण्याआधी मार्करने आतल्या बाजूला, जिथे स्टिकर नसतो तिथे, स्वतःची खूण करून ठेवा. शक्य असेल तर समोर बसून भरून घ्या. नीट काम करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

पावडरीची निवड

"युनिव्हर्सल" असं लिहिलेली बाटली घेऊ नका. १२ए, ८८ए वगैरे एचपी-कॅननच्या कार्ट्रिजांत चुंबकीय पावडर लागते. तिच्यात लोहाच्या ऑक्साइडचे कण असतात, म्हणून ती मॅग रोलरला धरते. ब्रदर आणि जुन्या सॅमसंगची पावडर चुंबकीय नसते. ती १२एमध्ये घातली तर रोलर तिला नीट उचलत नाही, छपाई फिकी येते आणि पावडर सांडत राहते. चुंबकीय पावडरींतही सरसकट एकच चालत नाही. ८८एची पावडर १२एमध्ये चालते असं सांगणारे भेटतील. पान निघतं हे खरं, पण गडदपणा आणि पार्श्वभूमी यांत फरक पडतो. बाटलीवर १२ए असा स्पष्ट उल्लेख हवा.

पावडर कागदावर घट्ट बसते की नाही ते लगेच कळतं. ताज्या पानावरच्या ठळक मजकुरावर अंगठा जोरात घासा, मग तिथेच पानाला घडी घालून नख फिरवा. अंगठा काळा झाला किंवा घडीवर अक्षरं खरवडून निघाली तर ती पावडर या प्रिंटरच्या फ्यूझरच्या, म्हणजे पावडर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाच्या, तापमानाला पुरेशी वितळत नाही. अशी पावडर पुढे फ्यूझरच्या फिल्मवर चिकटत जाते. दुरुस्तीवाले जिला टेफलॉन म्हणतात ती हीच फिल्म. टेफलॉन फाटलं की पावडरीत वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात.

देवनागरीत छापणाऱ्यांसाठी आणखी एक परीक्षा आहे. पावडर किंवा डॉक्टर ब्लेड कमी पडत असेल तर आधी शिरोरेखा तुटते. बारीक टाइपात ओळ छापून बघा. शिरोरेखा सलग काळी आली, रफार आणि अनुस्वार स्वच्छ सुटे दिसले, तर रिफिल उत्तम. इंग्रजी टेस्ट पेजवर ही उणीव सहसा लपून जाते, म्हणून रिफिलवाल्याच्या टेस्ट पेजवर समाधान मानू नका, आपलंच मराठी पान काढा.

स्वतः भरायचं असेल तर

१०० ग्रॅमची चांगली बाटली दीडशे-दोनशेच्या आत मिळते. लागणारी साधनं म्हणजे बारीक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पातळ नाकाची पक्कड, मऊ कोरडा ब्रश, धागे न सुटणारं कापड, वर्तमानपत्रं आणि एन-९५ मास्क. पंखा बंद. पावडरीचे कण काही मायक्रॉनचे असतात. नाकात जाऊ देऊ नयेत. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात वापरू नये, त्याच्या गाळणीतून हे कण आरपार जाऊन खोलीभर पसरतात. कपड्यावर किंवा हातावर सांडली तर आधी झटकायची, मग गार पाण्याने धुवायची. गरम पाणी लावलं की ती मऊ होऊन धाग्यांत बसते.

आधी ड्रमवरचं झाकण, शटर म्हणतात ते, स्प्रिंगसकट सोडवा. स्प्रिंग कोणत्या खाचेत होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जोडताना अडतं ते इथेच. दोन्ही टोकांना दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पिना असतात. त्या पक्कडीने काढल्या की भाग वेगळे होतात. ओढाओढ केली तर पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तडकतं आणि मग दोन भागांतलं अंतर कायमचं बिघडतं. एका बाजूच्या टोपीचे स्क्रू काढून ड्रम उचला. बोट फक्त दोन्ही टोकांना लागलं पाहिजे, मधल्या रंगीत पृष्ठभागाला मुळीच नाही. बाहेर निघाल्या निघाल्या त्याला काळ्या कापडात गुंडाळून खणात ठेवा. ट्यूबलाइटच्या उजेडात तो तसाच पडून राहिला तर पानाची पार्श्वभूमी करडी यायला लागते, आणि उन्हात तर ड्रम वायाच गेला समजा.

पीसीआर क्लिपमधून अलगद सुटतो. तो कोरड्या कापडाने पुसायचा, फारच मळला असेल तर किंचित ओलसर कापडाने, आणि पूर्ण वाळू द्यायचा. स्पिरिट किंवा अल्कोहोल लावायचं नाही. त्याने रबरावरचा थर खराब होतो. मग वायपर ब्लेडचे दोन स्क्रू काढा, ब्लेड बाजूला घ्या आणि वेस्ट जुन्या वर्तमानपत्रावर ओता. तिथेच शेजारी पातळ प्लॅस्टिकची एक पारदर्शक पट्टी दिसेल. खरवडलेली पावडर बाहेर सांडू न देणारी ही पट्टी ब्रशच्या धक्क्यानेही वाकते. वाकली तर पानावर पावडर गळत राहते, आणि दोष मात्र सगळे पावडरीला देतात. टाकी साफ करताना सगळ्यात जास्त जपायची ती हीच.

वेस्ट पुन्हा हॉपरमध्ये घालायचा मोह होतो, काळी पावडर दिसायला सारखीच असते. घालू नका. तिच्यात कागदाची धूळ मिसळलेली असते आणि तिचा भारही बिघडलेला असतो. पुढच्या प्रत्येक पानाला करडी झाक येईल.

हॉपरच्या बाजूची टोपी काढली की भरायचं प्लॅस्टिकचं बूच सापडतं. जुनी उरलेली पावडर ओतून टाका, मॅग रोलर कोरड्या कापडाने पुसा, त्याच्या टोकाशी असलेल्या संपर्काच्या पत्र्यावरची जुनी काळवंडलेली ग्रीस काढा आणि विद्युतवाहक ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका लावा. साधी यंत्राची ग्रीस तिथे कामाची नाही. नवी बाटली बंद असतानाच चांगली हलवा, बसलेली पावडर मोकळी झाली पाहिजे. १०० ग्रॅम पुरे. "जास्त भरली की जास्त पानं" म्हणून १४० ग्रॅम दाबून भरणारे आहेत. पावडर आत घट्ट बसते, ढवळणारी पट्टी अडते, गिअरवर ताण येतो आणि तोंडातून गळती सुरू होते.

जोडण्याआधी ड्रमवर आणि ब्लेडच्या कडेवर झिंक स्टिअरेटची भुकटी हलकेच लावा, ड्रम नवा असेल तर नक्कीच. कोऱ्या ड्रमवर कोरडी ब्लेड घासली की ती उलटी दुमडते, किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि पहिल्याच पानाला पूर्ण ड्रम काळा. जोडल्यावर ड्रम छपाईच्या दिशेने हाताने सावकाश चार-पाच वेळा फिरवा. उलटा फिरवू नका, ब्लेड त्यानेही दुमडते. पहिली तीन-चार पानं थोडी मळकट येतील. दहाव्या पानालाही मळ असेल तर मात्र काहीतरी चुकलं आहे.

दोष कुठला, हे पानावरून ओळखणं

रिफिलनंतर तक्रार आली की रिफिलवाला प्रिंटरला दोष देतो आणि प्रिंटरवाला रिफिलला. वाद घालण्यापेक्षा पट्टी घ्या. एकच ठिपका किंवा डाग पानावर दर ७५ मिलिमीटरला येत असेल तर तो ड्रमचा. १२एचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा आहे, त्याचा एक फेरा तेवढाच भरतो. सुमारे ३८ मिलिमीटरला येत असेल तर पीसीआर. मात्र फ्यूझरच्या फिल्मचा फेराही ड्रमच्या जवळपास असल्यामुळे ७५च्या अंतराला एकदा खात्री करून घ्यावी लागते. छपाई चालू असताना पान अर्धं आत असेल तेव्हाच झाकण उघडा आणि कार्ट्रिज बाहेर घ्या. कागदावरची पावडर अजून कच्ची असते, हाताने पुसली जाते. डाग त्या कच्च्या छपाईतच असेल तर दोष कार्ट्रिजचा. कच्ची छपाई स्वच्छ आणि बाहेर आलेल्या पानावर डाग, तर फ्यूझर बघायला हवा.

बारीक, धारदार, सलग उभी काळी रेघ आली तर वायपर ब्लेडला खाच पडली आहे किंवा ड्रमवर ओरखडा आहे. पानाच्या कडांना काळी किनार येते ती ड्रम झिजल्याची पहिली खूण, कारण ड्रम बऱ्याचदा टोकांकडून झिजायला लागतो. सगळ्या पानाला करडी झाक असेल तर पीसीआर मळलेला, ड्रम संपलेला किंवा पावडर चुकीची. एक बाजू फिकी आली तर कार्ट्रिज काढून आडवं धरा, डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा सावकाश झुलवा. त्याने सुधारलं तर पावडर एकीकडे सरकली होती एवढंच, किंवा संपत आली आहे.

पूर्ण काळं पान बघून लोक घाबरतात. त्यात बहुतेक वेळा पीसीआरचा संपर्क सुटलेला असतो. ड्रमला भार मिळाला नाही की सगळीकडे पावडर चिकटते. पूर्ण कोरं पान आलं तर मॅग रोलरचा संपर्क किंवा ड्रमचं अर्थिंग लागलेलं नाही. दोन्ही दोष जोडणीतले, पावडर बदलून जात नाहीत. रिफिलवाल्याने अशा वेळी नवी पावडर घालायचे पैसे मागितले तर देऊ नका.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, फिक्या छपाईचं कारण बऱ्याचदा कागद असतो. दमट कागदावर पावडर नीट उतरत नाही, पानं वळतात आणि एकमेकांना चिकटून अडकतात. ट्रेमध्ये रोज लागतील तेवढेच कागद ठेवा, बाकी रीम बंद ठेवा, आणि मगच कार्ट्रिजला दोष द्या.

कंपॅटिबल आणि बाकीचे प्रिंटर

नवं कंपॅटिबल घेणं हा सोपा मार्ग आहे. नव्या खोक्यात ड्रम, ब्लेड, पावडर सगळं नवं मिळतं. ज्यांच्या गावात भरवशाचा रिफिलवाला नाही किंवा महिन्याला शंभरभरच पानं निघतात, त्यांनी हेच करावं. पण दर्जा एकसारखा नसतो. एकाच छापाच्या दोन खोक्यांतही पावडरीचा गडदपणा वेगळा निघतो, ड्रम पातळ असतो आणि सांगाडा दोन-तीन भरण्यांनंतर ढिला पडतो. आधीच कंपॅटिबल असलेल्या कार्ट्रिजवर ड्रम-ब्लेडचा खर्च करत बसण्यात फारसा अर्थ नाही. दोनदा भरा आणि सोडून द्या.

८८ए, म्हणजे एचपी पी१००७, पी१००८, एम११३६ वगैरेंचं कार्ट्रिज, १५०० पानांचं आहे. पद्धत साधारण १२एसारखीच. चिप आहे, पण रिफिलनंतर पावडर संपल्याचा संदेश दिसत राहतो, छपाई चालू राहते. संदेशाकडे दुर्लक्ष करून पानावर लक्ष ठेवायचं. त्यानंतर आलेल्या बऱ्याच मॉडेलांत तसं नाही. चिप बदलावी लागते, आणि एचपीच्या काही प्रिंटरांत फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यानंतर बाहेरची चिप नाकारली जाते. मॉडेलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ई असलेले एचपी प्लसचे प्रिंटर तर मूळ एचपी कार्ट्रिजशिवाय चालतच नाहीत. रिफिलवर भिस्त ठेवून नवा प्रिंटर घेत असाल तर हे आधी विचारा, नंतर इलाज नाही.

ब्रदरची घडण वेगळी आणि रिफिलला चांगली. एचएल-एल२३२१डीमध्ये टोनर टीएन-२३६५ हा २६०० पानांचा आणि ड्रम डीआर-२३६५ हा १२,००० पानांचा, दोन्ही स्वतंत्र. दर भरणीला टोनरच्या बाजूचा रीसेट गिअर योग्य जागी फिरवून बसवावा लागतो, नाहीतर प्रिंटर नवं कार्ट्रिज ओळखतच नाही. इथे वेगळं वेस्ट नसतं, उरलेली पावडर परत टोनरमध्येच येते. म्हणून नवी भरण्याआधी आतली जुनी पावडर पूर्ण ओतून टाकायला हवी, वरून भर घातली तर पार्श्वभूमी करडी होते. उभी काळी रेघ आली तर ड्रमवरची हिरवी खुंटी दोन-चार वेळा इकडून तिकडे सरकवून ड्रमला विद्युतभार देणारी कोरोना तार साफ करा आणि खुंटी न विसरता मूळ जागी आणा. ती मध्येच राहिली तर पानावर उभा काळा पट्टा येतो.

नवाच घ्यायचा आणि पानं भरपूर, तर टँकचा लेझर बघावा. एचपीने २०१९ मध्ये नेव्हरस्टॉप आणला. त्यात कंपनीचंच १०३ए भरणी किट पिचकारीसारखं दाबून पावडर भरता येते, एका किटमध्ये २५०० पानं. हात काळे होत नाहीत. त्याचा ड्रमही पुढे कधीतरी बदलावा लागतो, तो खर्च हिशोबात धरूनच निर्णय घ्या.

भरणं कधी थांबवायचं

मूळ १२एमध्ये ड्रम आणि वायपर ब्लेड दर दोन-तीन भरण्यांनी बदलत गेलात तर मॅग रोलर बराच टिकतो. त्याचा करडा, किंचित खरखरीत पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत दिसायला लागला, नवा ड्रम घालूनही काळा रंग भरेना, तर तो झिजला. मॅग रोलर वेगळा मिळतो, पण तोवर पिनांची भोकंही ढिली झालेली असतात. तिथे आणखी पैसे घालू नयेत.

रिकामं मूळ कार्ट्रिज विकत घेणारे फिरत असतात आणि एकदाच वापरलेल्याला चांगला भाव देतात. त्यातली काही खोकी भरून, नव्या वेष्टनात, मूळ म्हणून परत बाजारात येतात. विकणार असाल तर कंपनीच्या स्टिकरवर आधी पक्क्या मार्करने फुली मारा. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही धरलेलं आहे, २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यामुळे मोडीत निघालेलं कार्ट्रिज घंटागाडीत न टाकता नोंदणी असलेल्या ई-कचरा रिसायकलरकडे द्या. वेस्टची पावडर दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून त्याच्याबरोबरच द्यायची. ती जाळायची नाही आणि मोरीतही ओतायची नाही.